पास दिला की पोरं जागीच थांबतात – वन-टू कसा शिकवावा?

मैदानवेडा | रविवार, सकाळी ११.४०

नमस्कार मंडळी. आत्ताच मैदानावरून आलोय, मोजेसुद्धा काढलेले नाहीत. पण विषय ताजा आहे तोवर लिहून टाकतो.

गेली चार वर्षं दर रविवारी मी आमच्या भागातल्या अकरा ते तेरा वर्षांच्या मुलामुलींना फुटबॉल शिकवतो. कॉलेजच्या संघात मिडफिल्डला खेळायचो, तीच शिदोरी. या पावसाळ्यानंतर एकच गोष्ट पक्की करून घ्यायची ठरवली आहे, ती म्हणजे वन-टू. कुणी त्याला वॉल पास म्हणतं, बास्केटबॉलवाले गिव्ह अँड गो म्हणतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. माझ्यापुढे एक बचावपटू उभा आहे. त्याला चकवत बसण्याऐवजी मी शेजारच्या साथीदाराला पास देतो आणि त्याच दमात बचावपटूच्या मागच्या मोकळ्या जागेत पळत सुटतो. साथीदार बॉल अडवत नाही, भिंतीसारखा एका स्पर्शात माझ्या वाटेवर परत सोडतो. दोन पास आणि एक धाव, समोरचा गडी मागे राहिला.

कागदावर याहून सोपी चाल नाही. मैदानावर मात्र आमची गाडी एकाच ठिकाणी अडते. पहिला पास छान जातो, भिंतही बरी उभी असते. पण ज्याने पास दिला तो पळतच नाही! आज मी रेषेबाहेर उभा राहून वही-पेन घेऊन मोजलं. वीस मिनिटांच्या सरावसामन्यात एका बाजूने ४३ पास दिले. त्यांतल्या फक्त पाच पासांनंतर देणारा जागचा हलला.

आमच्यात एक डावखुरा मुलगा आहे, पायात गोडवा म्हणतात तसा. आज त्याचा पास मी अगदी तीन हातांवरून पाहिला. पायाच्या आतल्या बाजूने, बेताच्या जोराचा, साथीदाराच्या पुढच्या पायावर. बॉल सुटला आणि त्याचे खांदे सैल पडले. एक हात कमरेवर गेला. टाचा जमिनीला टेकल्या. त्याच्या बचावपटूने मान वळवून बॉलकडे पाहिलं होतं, मागे सात-आठ मीटर रान मोकळं होतं, आणि हा आपला पास कसा गेला ते बघत उभा. त्याच्या लेखी त्याचं काम संपलं होतं.

ओरडून झालं, समजावून झालं, व्हिडिओ दाखवून झाले. "सर कळलं" म्हणतात आणि पुन्हा तेच. कुणी लहान मुलांना हे शिकवलंय का? कुठलाही खेळ चालेल.

---

रंकाळा | रविवार, दुपारी १.०५

भावा, विषय काढलास ते झ्याक केलंस. आमच्या कोल्हापुरात फुटबॉल म्हंजे नाद खुळा. शाहू स्टेडियमवर पेठेपेठेच्या तालमींचे, म्हंजे तिथल्या मंडळांच्या संघांचे, सामने लागले की दुपारी दुकानांची शटरं खाली येत्यात. पण मी लहानपणापासून एक बघत आलोय. गॅलरी शिट्टी कुणाला मारती? दोघातिघांना कट मारून जाणाऱ्याला. वन-टू करून सरळ आत गेलेल्याला टाळ्या पडत्यात, पण त्या गोल झाल्यावर. पोरगं गॅलरीत बसून हेच शिकतंय. पास दिला म्हंजे आपली पाळी संपली असं त्याला वाटणारच.

आमी गल्लीत शिकलो ते खरोखरच्या भिंतीवर. अरुंद बोळ, एका अंगाला घरं, दुसऱ्या अंगाला तालमीची भिंत. समोर मोठं पोरगं उभं राहिलं की त्याच्या बाजूनं बॉल भिंतीला हाणायचा आन पलीकडनं पळत जाऊन घ्यायचा. भिंत कधी थांबत नाही, बॉल लगेच परत येतोय. तू उभा राहिलास तर बॉल गटारीत. त्यामुळं पळणं आपोआप अंगात बसलं. आता मैदानावर कुठाय भिंत? तुमच्या पोरांना आधी खरी भिंत द्या बघा.

---

अंतरवेग | रविवार, संध्याकाळी ६.३०

मी नोकरीनिमित्त जर्मनीत असतो. इथे या चालीला डोप्पेलपास म्हणतात, म्हणजे दुहेरी पास. शब्द इतका घरचा झालाय की रविवारी सकाळी टीव्हीवर फुटबॉलच्या गप्पांचा जो कार्यक्रम लागतो त्याचंही नाव तेच, १९९५ पासून. इथली जुनी माणसं डोप्पेलपास म्हटलं की बायर्न म्युनिक क्लबच्या बेकनबाउअर आणि गेर्ड म्युलर यांची नावं घेतात. बेकनबाउअर बचावाच्या मागून बॉल घेऊन वर यायचा, गोलकडे पाठ करून उभ्या म्युलरच्या पायात द्यायचा आणि न थांबता पुढे. म्युलर तो एका स्पर्शात परत सोडायचा. ठेंगणा, जाड मांड्यांचा माणूस, पाठीवर कुणीही रेटलं तरी हलायचा नाही. त्याच बायर्नने १९७४, १९७५ आणि १९७६ असा तीन वेळा युरोपियन कप जिंकला.

आता मैदानवेडा, तुमच्या डावखुऱ्यासाठी थोडं गणित. साथीदार सहा मीटरवर आहे आणि पास सेकंदाला १२ मीटर वेगाने जातो असं धरा. जायला अर्धा सेकंद. एका स्पर्शात परत, वाटेवर थोडा तिरका, म्हणजे यायला पाऊण सेकंद. एकूण सव्वा सेकंद. मुलगा उभ्या जागेवरून बऱ्यापैकी जोर लावून निघाला तर तेवढ्या वेळात साधारण तीन मीटर जातो. बचावपटूच्या मागे जायला तेवढं पुरतं. पण पास कसा गेला ते बघण्यात त्याने नुसता अर्धा सेकंद घालवला तर तो जेमतेम मीटरभर पुढे सरकतो आणि बचावपटूच्या छातीसमोरच सापडतो. कारण सुरुवातीला वेग नसतो. उशीर अर्ध्या सेकंदाचा, पण अंतर तिपटीने कमी.

आणि बॉल पायात घेऊन तो आधीच हलक्या पळण्यात असेल तर हेच अंतर सहा-साडेसहा मीटरवर जातं. म्हणून उभ्याने वन-टू शिकवूच नका. चालत्या पायांनी पास द्यायला लावा.

---

मैदानवेडा | रविवार, संध्याकाळी ७.१५

अंतरवेग, हे गणित मी उद्याच फळ्यावर मांडतो. अर्ध्या सेकंदाची किंमत दोन मीटर, हे त्या वयाच्या मुलांना लगेच पटेल.

रंकाळा, शाळेच्या आवाराची भिंत आहे आमच्याकडे, पण तिच्याजवळ गाड्या लावतात. बोलून बघतो.

---

खडकीकर | रविवार, रात्री ९.५०

फुटबॉल मला फारसा कळत नाही, मी हॉकीचा माणूस. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीतली मैदानं, तिथं आमचं सगळं बालपण गेलं. धनराज पिल्ले त्याच मातीतला. मोडकी स्टिक दोरीने बांधून खेळणारी पोरं आम्ही पाहिली आहेत, आम्हीही त्यांतलेच.

हॉकीत वन-टू हा श्वास आहे, आणि त्याला कारण आहे. फुटबॉलमध्ये तुम्ही अंग आडवं घालून बॉल राखू शकता. हॉकीत बॉल आणि प्रतिस्पर्धी यांच्यामध्ये शरीर घातलंत की ऑब्स्ट्रक्शनची शिट्टी. म्हणजे गडी अंगावर आला की दोनच वाटा, चकवणं किंवा देणं. शिवाय सगळ्यांची स्टिक उजव्या हाताची. समोरच्याच्या डाव्या अंगाला त्याला उलट्या स्टिकने खेळावं लागतं, ती त्याची कमजोर बाजू. आमचे गुरुजी म्हणायचे, त्या अंगाने पळ आणि तिथेच बॉल माग. १९९८ मध्ये हॉकीतला ऑफसाइडचा नियम, म्हणजे बचावफळीच्या मागे आधीच जाऊन पास घ्यायला असलेली मनाई, कायमचा गेला, तेव्हापासून पळणाऱ्याला मागची जागा आणखी मोकळी झाली.

एक जुना आकडा सांगतो. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भारताने अमेरिकेला २४-१ असं हरवलं. त्यांतले रूपसिंगचे १० आणि ध्यानचंदचे ८. दोघे सख्खे भाऊ. चोविसातले अठरा गोल एका घरातले! लहानपणापासून एकत्र खेळलेल्या माणसांना दुसरा कुठे असेल हे बघावं लागत नाही. पळणारा पळतो कारण बॉल परत येणार हे त्याला ठाऊक असतं.

तेव्हा मैदानवेडा, मला तुमच्या त्या मुलाबद्दल एक विचारायचंय. तो जेव्हा पळतो, तेव्हा त्याला बॉल परत मिळतो का? पाच वेळा पळून एकदाही बॉल आला नसेल तर सहाव्यांदा कोण पळेल?

---

शुभदा_नागपूर | सोमवार, सकाळी ७.२०

खडकीकर काकांनी नेमकं बोट ठेवलं. मी आठ वर्षं बास्केटबॉल खेळले, आता माझी मुलगी खेळते, बारा वर्षांची. तिच्या गटात मुलं-मुली एकत्र. तिने पास दिला, सुरेख कट मारला, म्हणजे झपकन दिशा बदलून पळाली, बास्केटखाली एकटी मोकळी पोचली, हात वर. बॉल आलाच नाही. असं मी एका सकाळी सहा वेळा मोजलं. सातव्या वेळी ती पळाली नाही. मग प्रशिक्षक तिलाच म्हणाले, "पास दिल्यावर थांबू नकोस." मला घशाशी आलं होतं. ती थांबायला शिकली होती, तिला शिकवलं होतं तसं.

म्हणून माझी विनंती अशी की पळणाऱ्याला ओरडण्याआधी भिंतीकडे बघा. भिंतीला परत द्यायला शिकवा. बॉल हातात आला की प्रत्येकाला वाटतं, आता माझी वेळ.

आता तंत्राचं. बास्केटबॉलमध्ये बॉल हातात धरून दोन पावलांपुढे जाता येत नाही, त्यामुळे देणं आणि जाणं हे पहिल्या महिन्यातच शिकवतात. आमच्या मॅडमनी शिकवलेली एक गोष्ट फुटबॉललाही लागू पडेल. पास दिल्यावर सरळ पळायचं नाही. आधी बॉलपासून लांब दोन पावलं, मंद, जणू आता काही काम उरलं नाही. तुझी बचावपटू सैल पडते, तिचं डोकं बॉलकडे वळतं. तिची हनुवटी खांद्यापर्यंत गेली की त्या क्षणी तिच्या पुढून कट. तिला ते कळलं आणि ती पुढे आली, तर मागून, म्हणजे बॅकडोअर. आम्ही डोळे बघायचो नाही, हनुवटी बघायचो. डोळे फसवतात, हनुवटी नाही.

---

स्टॉपर_बॅक | सोमवार, सकाळी १०.००

मी आयुष्यभर बचावात खेळलो. म्हणजे हा सगळा धागा माझ्याविरुद्ध आहे, पण वाचताना फार आनंद होतोय.

बचावपटूच्या बाजूने सांगतो की वन-टू का लागतो. चकवणारा खेळाडू एकटा येतो, त्याच्याकडे बघत मागे सरकत राहिलं की वेळ मिळतो. वन-टूमध्ये मला दोन गोष्टी एकदम बघाव्या लागतात आणि त्या विरुद्ध दिशांना असतात. बॉल डावीकडे, माणूस उजवीकडे. मान एकच आहे. ९० टक्के बचावपटू बॉलकडे बघतात, मीही बघायचो.

उपाय एकच शिकलो, तोही बास्केटबॉल खेळणाऱ्या मित्राकडून. ते त्याला जंप टू द बॉल म्हणतात. माझ्या माणसाने पास दिला रे दिला की मी बॉलच्या दिशेने एक उडी मागे-बाजूला घ्यायची, म्हणजे त्याच्या पळण्याच्या वाटेत मी आधीच असतो. आडवा हात घालून अडवायचं मात्र नाही. बॉल नसलेल्या माणसाची वाट अंग लावून अडवली तर थेट फ्री किक. मी एका स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात हेच केलं होतं, बॉक्सच्या तोंडाशी. गोल बसला आणि आम्ही घरी. तो पळणारा मला अजून आठवतो, त्याने पास देताना माझ्याकडे बघितलंही नव्हतं.

आणि आक्रमण करणाऱ्यांनी लक्षात ठेवायचं एक. बॉल बचावपटूच्या किती जवळ नेऊन द्यायचा, सगळं त्यावर आहे. पाच मीटरवरून दिलात तर मी आरामात मागे सरकतो. एका मीटरवर आणलात तर पाय घालतो. दोन-अडीच मीटर, जिथे मी पुढच्या पायावर वजन टाकलंय, तिथे दिलात तर मला वळायला वेळच नाही. मुलांना हे अंतर पावलांनी मोजून दाखवा.

ऑफसाइड विसरू नका. भिंत बॉलला पाय लावते त्या क्षणी पळणारा कुठे आहे ते बघतात. फार लवकर सुटलात तर झेंडा.

---

नाना_उत्तर_लंडन | सोमवार, दुपारी २.१५

थोडा इतिहास. आमच्या भागातल्या टॉटनहॅम क्लबने या एका चालीवर अख्खा संघ उभा केला होता. १९४९ मध्ये आर्थर रो व्यवस्थापक झाला. लंडनच्या गल्ल्यांत मुलं भिंतींवर बॉल मारून खेळतात, त्यावरून त्याला कल्पना सुचली असं सांगतात. दे आणि पळ, पुन्हा घे, पुन्हा दे. त्याला पुश अँड रन नाव पडलं. १९४९-५० मध्ये दुसऱ्या श्रेणीत पहिले आणि लगेच १९५०-५१ मध्ये पहिल्या श्रेणीचे विजेते! वर आल्या आल्या देशात पहिलं येणं.

त्या संघात दोन माणसं होती जी पुढे मोठी झाली. आल्फ रॅमसी, ज्याच्या हाताखाली इंग्लंडने १९६६ चा विश्वचषक जिंकला, आणि बिल निकल्सन, ज्याने १९६०-६१ मध्ये याच क्लबला लीग आणि एफए कप दोन्ही मिळवून दिले.

---

मांडवी | सोमवार, रात्री ८.४०

गोव्याहून लिहिते. घरात बाबा, काका, भाऊ सगळे फुटबॉलवाले, त्यामुळे फातोर्ड्याचं मैदान मला घरच्या अंगणासारखं.

आमच्या डेंपो क्लबचा तो संघ कुणी पाहिलाय का, आर्मांदो कुलासो प्रशिक्षक होते तेव्हाचा? रांटी मार्टिन्स पुढे आणि बेटो मागून. नायजेरियाचा एक, ब्राझीलचा एक, आणि मैदानावर मात्र एका आईची लेकरं वाटायची. बेटो द्यायचा आणि चालायला लागायचा, तुम्हाला वाटायचं दमला, आणि बॉल परत येईपर्यंत तो वेगळ्याच ठिकाणी. शुभदाताईंनी सांगितलेली ती मंद दोन पावलं वाचली आणि मला तोच आठवला.

ब्राझीलमध्ये या चालीला ताबेलिन्या म्हणतात. ताबेला म्हणजे बिलियर्डच्या टेबलाची कड, बास्केटबॉलचा फळाही. तिच्यावर आपटून बॉल परत यावा तसं. सँटोस क्लबच्या पेले आणि कौतिन्यो यांची ताबेलिन्या तिथं अजून दंतकथेसारखी सांगतात. १९६२ मध्ये लिस्बनला जाऊन त्यांनी तिथल्या बेनफिका क्लबला ५-२ असं हरवलं, पेलेचे तीन आणि कौतिन्योचा एक. अर्जेंटिनात तर याला वाक्यच आहे, "तोको ई मे वोय". बॉलला पाय लावला आणि मी निघालो. मला हे फार आवडतं. त्यात "बॉल परत येईल का" हा प्रश्नच नाही. लावला आणि निघालो.

बघायचाच असेल तर २००६ च्या विश्वचषकात अर्जेंटिनाने सर्बिया-माँटेनेग्रोला ६-० हरवलं त्यातला कांबियासोचा गोल मुलांना दाखवा. वीसहून जास्त पास होतात, सगळे त्याबद्दलच बोलतात. पण मला शेवटचे दोनच महत्त्वाचे वाटतात. कांबियासो क्रेस्पोला देतो आणि थांबत नाही. क्रेस्पो टाचेने मागे सोडतो. कांबियासो तिथे पोचलेला असतो. आधीचे सगळे पास वाया गेले असते, तो दोन पावलं थांबला असता तर.

---

पीटीचे_मास्तर | मंगळवार, सकाळी ६.१०

तीस वर्षं शाळेत क्रीडाशिक्षक आहे. माझा अनुभव थोडा वेगळा, बघा पटतो का.

आपली मुलं काय खेळत मोठी होतात? क्रिकेट आणि खो-खो. क्रिकेटमध्ये सगळं पाळीने चालतं. बॉल टाकला, आता फलंदाजाची पाळी. आणि खो-खोत तर खो दिला की त्याच्या जागेवर बसायचं, तो नियमच आहे. दिलं म्हणजे बसलं! ही सवय पायांत मुरलेली असते. फुटबॉलच्या मैदानावर तेच मूल पास देतं आणि मनाने बसतं. यात आळस नाही की बेफिकिरी नाही. शरीराला जे आधी शिकवलं ते ते करतंय.

मी काय करतो सांगतो. उलटा खो-खो. मुलं चौकात उभी, बॉल हाताने द्यायचा, पायाने नाही. ज्याला दिला त्याचं नाव मोठ्याने घ्यायचं आणि त्याच्या पाठीमागून पळून पुढच्या कोनापर्यंत जायचं. पोचायच्या आत बॉल पळणाऱ्याला परत मिळालाच पाहिजे. नाही मिळाला तर दोष भिंतीचा, पळणाऱ्याचा नाही, आणि भिंत झालेल्याने एक फेरी मारायची. आठवडाभर हातानेच. हाताने केलं की तंत्राची काळजी उरत नाही, सगळं लक्ष पळण्यात जातं. मग पायावर आणायचं.

---

मैदानवेडा | मंगळवार, रात्री १०.२५

मास्तर, "दिलं म्हणजे बसलं" वाचून मी खुर्चीवरून उठलो. चार वर्षं माझ्या हे लक्षात आलं नाही. आमच्यातली अर्धी मुलं शाळेच्या खो-खो संघात आहेत, तो डावखुरासुद्धा.

खडकीकर काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला एका पालकांनी काढलेला मागच्या महिन्यातला सामना पुन्हा बघितला. डावखुरा पहिल्या दहा मिनिटांत चार वेळा पळाला होता. चारही वेळा बॉल परत आला नाही. भिंत झालेल्या मुलाने तीनदा स्वतः चकवायला घेतला, एकदा मागे दिला. मी मात्र रेषेवरून डावखुऱ्यालाच ओरडत होतो, माझा आवाज त्यात ऐकू येतोय. उद्या त्याच्याशी बोलणार आहे.

रविवारचा बेत असा ठरवलाय: अर्धा तास हाताने उलटा खो-खो. मग १० बाय १५ मीटरचा चौकोन, दोन विरुद्ध एक. बचावपटूला बिब, म्हणजे ओळखू यावं म्हणून वेगळ्या रंगाचं जाकीट. पास द्यायचं अंतर अडीच मीटर, चुन्याने रेषा मारतो. आणि सामन्यात वन-टूमधून झालेला गोल दोन गोल, त्यातला एक भिंतीच्या नावावर.

---

रंकाळा | बुधवार, सकाळी ९.००

भिंतीच्या नावावर गोल, हे लई भारी. हे आमच्या तालमीतल्या बारक्या पोरांना पण लावतो.

---

मैदानवेडा | रविवार, दुपारी १२.३०

आजचा हिशेब.

हाताने खेळताना पंधरा मिनिटांत सगळी पळायला लागली, दंगा नुसता. पायावर आल्यावर पुन्हा थोडं थांबणं सुरू झालं, पण आता त्यांचीच त्यांना चूक दिसत होती, "ए बसलास, बसलास!" असं एकमेकांना ओरडत होती. हा शब्द मी दिलेला नाही, त्यांनीच काढला.

सामन्यात भिंत म्हणून मी एका मुलीला पुढे उभं केलं. ती आजवर बचावात खेळायची. पाठ भक्कम आणि पहिला स्पर्श स्वच्छ. डावखुरा बॉल घेऊन आला, चुन्याच्या रेषेवर पोचला, तिच्या पुढच्या पायावर दिला आणि निघाला. तिने लगेच परत दिला, पण त्याच्या पायात. बॉल त्याच्या टाचेला लागून मागे गेला. मला वाटलं, झालं, आता पुन्हा कमरेवर हात. त्याने पळता पळताच मागे वळून हाताने पुढची जागा दाखवली, "इथे, इथे दे," आणि बॉल परत मिळवायला पळाला.

दुसऱ्यांदा बचावपटू त्याच्याबरोबरच मागे गेला. मुलीने ते पाहिलं, परत दिलाच नाही, स्वतः वळली आणि मारला. बाहेर गेला. तिला कुणी हे शिकवलेलं नव्हतं. पळणाऱ्याने बचावपटू ओढून नेला म्हणून तिला जागा झाली, हे मी खेळ थांबवून सगळ्यांना दाखवलं.

तिसऱ्यांदा बॉल त्याच्यापुढे दोन हात पडला, पोटरीच्या उंचीवर उसळत. त्याने पाय बदलला नाही, डाव्यानेच मारला. खांबाला लागून आत. तो गोलकडे बघत थांबला नाही, सरळ तिच्याकडे पळत गेला. फळ्यावर दोघांच्या नावापुढे मी एकेक रेघ मारली.

वही आजही होती. ५१ पास, त्यांतल्या २२ नंतर धाव.

---

शुभदा_नागपूर | रविवार, दुपारी १.४५

त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी सांगा. स्वतः वळून मारला त्याबद्दल जास्त. हे सगळं आज माझ्या मुलीला वाचून दाखवलं. तिने विचारलं, तुमच्याकडे बास्केटबॉल पण आहे का?

---

खडकीकर | रविवार, संध्याकाळी ५.३०

मैदानवेडा, पुढच्या वेळी परतीचा पास उसळू देऊ नका. जमिनीलगत, पळणाऱ्याच्या लांबच्या पायापुढे, म्हणजे त्याला वेग कमी करावा लागणार नाही. भिंतीला पाय लावताना घोटा घट्ट ठेवायला सांगा, सैल घोट्याने बॉल उडतो. हॉकीत मनगटाचं तेच.

सकाळी किती वाजता असता मैदानावर? गुडघे फारसे साथ देत नाहीत, पण भिंत म्हणून उभा राहू शकतो.

---

मैदानवेडा | रविवार, संध्याकाळी ५.५०

काका, साडेसहाला. मैदानाचा पत्ता व्यक्तिगत संदेशात पाठवलाय. चुना टाकायला सहालाच येतो मी, तेव्हा आलात तर चहा आहे.